खानदेशातील पाऊलवाटा व वारसास्थळे

महाराष्ट्राच्या उत्तर भागातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या ग्रामीण प्रदेशातून जाणारे जुने पायी मार्ग आणि त्यांच्या कडेने असलेली मंदिरे, लेणी, किल्ले, मठ व तीर्थे यांचा येथे विचार केला आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा–अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये तापीचे रुंद खोरे पसरले आहे. मध्यप्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी सु. ७२४ किमी. वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या तिच्या दक्षिणेकडील उपनद्या लांब व रुंद पात्राच्या असून सातपुड्याकडून येणाऱ्या सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या आखूड व वेगवान आहेत. पावसाळ्याखेरीज बहुतेक नद्यांची पात्रे उघडी पडतात. त्यामुळे खानदेशात नदी ही वाटेतील अडचण न राहता वर्षातील आठ महिने स्वतःच वाट होते. येथील जुनी गावे, घाट, देवळे आणि बाजार नद्यांच्या काठाने ज्या रीतीने ओळीने लागलेले दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

या वाटांची प्राचीनता उत्खननांनी सिद्ध झाली आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी आणि गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आले. बहाळच्या समोर, नदीपलीकडील टेकवाडे येथे त्या काळातील दफने सापडली. पुढे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून अजिंठा व पितळखोरे येथे लेणी खोदली गेली, ती दख्खनच्या पठारावरून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या खिंडींजवळ. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांच्या दरीतून निघून खानदेशात उतरते. पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. भिक्षू, व्यापारी व कारागीर एकाच चढणीने ये-जा करीत असत, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

मराठी भाषेत वाटा आणि स्थळे यांची पद्धतशीर नोंद प्रथम महानुभाव पंथीयांनी केली. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीच्या खोऱ्यात व आसपासच्या प्रदेशात दीर्घकाळ पायी संचार केला. हा संचार प्रवासाचे साधन नसून आचाराचाच भाग होता. अनुयायांनाही त्यांनी एकाकी अटन, विजनवास व भिक्षा सांगितली. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले आणि ज्या ज्या ठिकाणी स्वामी राहिले, बसले, निजले, त्या ठिकाणांचे वर्णन करणारा स्थानपोथी हा स्वतंत्र ग्रंथ पुढील शतकात आकारास आला. वि. भि. कोलते यांनी त्याची संपादित आवृत्ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ आहे, त्याचे दार कोणीकडे, पौळीस दरवाजे किती, जवळ वड आहे की विहीर, अशा तपशिलांनी हा ग्रंथ भरलेला आहे. भक्ताने त्या जागी पोहोचावे आणि नेमक्या ठिकाणी नमस्कार करावा, एवढाच त्याचा हेतू. परंतु यादवकालीन गावांची रचना समजून घेण्यास आज इतिहासकाराला इतके विश्वसनीय साधन क्वचितच मिळते. हे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले जात असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरील वाचकास ते अज्ञात राहिले. भडगाव तालुक्यातील कनाशी हे खानदेशातील महानुभावांचे प्रमुख स्थान असून तेथे पायी येणाऱ्या यात्रेकरूंची परंपरा टिकून आहे.

याच काळातील, परंतु वेगळ्या प्रकारचे स्थळ म्हणजे चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी.वर डोंगराच्या कुशीत असलेले पाटण होय. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याचे हे ठाणे. तीन बाजूंनी कडे, मधून वाहणारी डोंगरी नदी, पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे प्रवाह आणि दाट रान यांमध्ये चंडिकादेवीचे हेमाडपंती मंदिर उभे आहे. त्यावरूनच या स्थळास पाटणादेवी म्हणतात. जवळच महेश्वराचे मंदिर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांना येथील एका पडक्या देवळात शके ११२८ (इ. स. १२०७) मधील शिलालेख आढळला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो अभ्यासकांपुढे ठेवला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला व निकुंभ राजा सोइदेव याने त्यास दाने दिली, असे त्यात म्हटले आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असला, तरी मठास द्यावयाच्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. ज्या हक्कांवरून उद्या वाद होण्याचा संभव, ते लोकांना समजणाऱ्या भाषेत लिहिण्याची काळजी लेख कोरविणाऱ्यांनी घेतली, असे यावरून दिसते. बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) च्या लेखात याच विद्वान घराण्यातील अनंतदेव या सिंघण यादवाच्या ज्योतिषाने भवानीचे मंदिर बांधल्याचा उल्लेख आहे. पाटण हेच भास्कराचार्यांचे जन्मगाव, असे स्थानिक अभिमानाने सांगितले जाते. परंतु शिलालेखाने सिद्ध होते ते नातवाच्या मठाचे स्थान, आजोबांच्या जन्माचे नव्हे. पाटणहून डोंगर चढून पितळखोऱ्याकडे जाणारी पाऊलवाट खानदेशातील सर्वांत रम्य वाट मानावी लागेल. बौद्ध लेणी, यादवकालीन मंदिर व गणितज्ञांचा मठ हे तिन्ही एका दिवसाच्या चालीत येतात. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा–औट्रमघाट अभयारण्यात समाविष्ट आहे.

मध्ययुगात खानदेशातून जाणाऱ्या मार्गांना व्यापारी महत्त्व आले. फारूकी सुलतानांनी प्रथम थाळनेर व नंतर बुऱ्हाणपूर येथे राजधानी केली. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर हा प्रांत अकबराच्या ताब्यात गेला. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा माल व प्रवासी तापीच्या काठाने बुऱ्हाणपुरास जात. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गाने गेला. त्याच्या रोजनिशीत वाटेवरील गावांच्या दैन्याचाही उल्लेख येतो. लळिंग, सोनगीर, भामेर व थाळनेर हे किल्ले या मार्गांवर नजर ठेवण्यासाठीच होते. पारोळ्याचा भुईकोट मात्र पुष्कळ नंतरचा. तो १७२७ मध्ये जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधला. थाळनेरच्या किल्ल्याने २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्यास प्रतिकार केला, तेव्हा शिबंदीची कत्तल होऊन किल्लेदारास फाशी देण्यात आले. या कृत्याबद्दल हिस्लॉपवर खुद्द इंग्लंडमध्येही टीका झाली. तापीच्या उतारावरील हा पडका तट पाहताना ही हकीकत ठाऊक असणे आवश्यक आहे. एरवी तेथे मातीचे ढिगारे व नदीचे विस्तीर्ण पात्र यांखेरीज फारसे काही दिसत नाही.

ब्रिटिश अंमलात कॅप्टन जॉन ब्रिग्झ याने कारभाराची घडी बसविली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. चाळीसगावच्या दक्षिणेकडील घाटास त्याचेच नाव मिळाले. जमिनीच्या मोजणीचे काम १८५२ मध्ये सुरू होताच एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत शेतकऱ्यांचा मोठा जमाव जमला. मोजणीमागोमाग सारावाढ येईल, ही त्यांची भीती होती. सरकारने सैन्य आणून पुढाऱ्यांना पकडले व मोजणी पुरी केली. ज्या मोजणीस शेतकऱ्यांनी विरोध केला, तिच्यातूनच तयार झालेले गावनकाशे आज त्यांच्या वाटांचा सर्वांत भक्कम पुरावा ठरले आहेत. या नकाशांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. गावोगावच्या तलाठ्यांच्या दप्तरात असलेल्या या तुटक रेषा एकत्र जोडल्या, तर आगगाडीपूर्व खानदेशाच्या दळणवळणाचा संपूर्ण आराखडा मिळू शकेल. असे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले जाणे अगत्याचे आहे.

खानदेशातील पायी चालण्याची सर्वांत जिवंत परंपरा वारीची आहे. तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव येथे योगी चांगदेवांच्या नावाचे हेमाडपंती मंदिर असून त्याच परिसरात मेहूण–कोथळी येथे मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पूर्वीच्या एदलाबादचे मुक्ताईनगर हे नाव त्यांच्यावरूनच पडले. येथून ज्येष्ठात निघणारी मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून साडेपाचशे किमी.हून अधिक अंतर सुमारे महिनाभर चालून आषाढी एकादशीस पंढरपुरास पोहोचते. आळंदी व देहू येथील पालख्यांच्या मानाने हा मार्ग कितीतरी लांब आहे. त्यावर मुक्कामाच्या सोयी अपुऱ्या असून पेरणीच्या ऐन दिवसांत तो चालावा लागतो. जळगावच्या श्रीराम मंदिर संस्थानाची व अंमळनेरच्या सखाराम महाराज संस्थानाची वारीही अशीच पायी जाते. ज्या शेतकऱ्याला घर व शेत सोडणे शक्य नाही, त्याच्यासाठी जवळचे पंढरपूर निर्माण झाले, ते पिंप्राळ्यास.

पिंप्राळा हे जळगावच्या पश्चिमेस लागून असलेले जुने गाव आता महानगराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. रेल्वेमार्गाने ते शहरापासून तोडल्यासारखे झाले होते आणि ‘पिंप्राळा रेल्वे फाटक’ ही अनेक वर्षे तेथील माणसाच्या रोजच्या खोळंब्याची खूण होती. येथील विठ्ठल-रखुमाईचा रथ आषाढी एकादशीस निघतो. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली असून तिची व्यवस्था वाणी पंच मंडळाकडे आहे. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून दिंड्या व कुटुंबे शेतवाटांनी चालत येतात. या गावास खानदेशचे प्रतिपंढरपूर म्हणतात. उंच, कोरीव कामाचा लाकडी रथ दोरांनी ओढला जातो. वळणावर किंवा उतारावर त्याचा वेग आवरण्यासाठी चाकाखाली लाकडी मोगरी लावावी लागते. मोगरी लावणाऱ्याने चाकाच्या अगदी पुढ्यात राहून नेमक्या क्षणी ती सरकवायची असते. हे कसब घराण्यांतून शिकविले जाते आणि त्यातील धोका प्रेक्षकांस सहसा जाणवत नाही. जळगावात अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीस निघतो. अशा रीतीने चातुर्मासाच्या दोन टोकांच्या एकादशांना दोन शेजारच्या वस्त्यांत दोन रथ फिरतात. रथाचा मार्ग हीही एक जतन केलेली वाट आहे. कितीही दुकाने, तारा वा खांब वाढले, तरी रथाच्या उंचीइतकी व रुंदीइतकी जागा गावाला वर्षातून एकदा मोकळी करावीच लागते. जुन्या पिंप्राळ्याच्या गल्ल्यांची मूळ रुंदी कोठे कोठे टिकून राहिली आहे, ती या कारणाने.

भक्तीखेरीज ज्ञानासाठीही या प्रदेशात माणसे चालली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या शोधात महाराष्ट्रभर हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. दप्तरे, पोथ्या व ताम्रपट यांचा त्यांनी जमविलेला संग्रह मंडळाने सांभाळला. धुळ्याचेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून हिंडून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा केली. निसर्गकवितेचा विचार करता, धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे नाव अटळ आहे. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेमार्गावर अपघात होऊन त्यांचा अंत झाला. सारा जन्म पाऊलवाटांचा सोबती असलेल्या या कवीस आगगाडीने गाठावे, ही घटना खानदेशात अजून हळहळीने सांगितली जाते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा स्थानिक साहित्यातून टिळकनगर सजविले आणि मुंबईहून ज्योत पायी आणण्यात आली. शहरी सुशिक्षितांनी खेड्याकडे पाहण्याच्या दृष्टीत या प्रसंगाने जो फरक पडला, तो पुढे टिकला असे मात्र म्हणता येत नाही.

ग्रामीण निसर्ग व प्राचीन अवशेष पाहत केवळ आनंदासाठी चालणे, ही कल्पना मुख्यतः इंग्लंडमध्ये रूढ झाली. वर्ड्‌स्वर्थ या कवीने १८१० मध्ये सरोवर प्रदेशाचे मार्गदर्शक वर्णन लिहिले. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. तथापि तेथील पायवाटा सहजासहजी खुल्या झाल्या नाहीत. जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेल्या माळांवर कारखान्यांतील मजुरांना बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधील किंडर स्काउट या टेकडीवर शेकडो तरुणांनी बंदी मोडून प्रवेश केला व त्यांतील काहींना तुरुंगवास घडला. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली. त्याच कायद्याने प्रत्येक परगण्याने सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा, असे बंधन घातले. नकाशावर नोंदलेली वाट शेतातून जात असली, तरी ती कोणाही माणसास चालता येते आणि मालकास ती बंद करता येत नाही. पेनाइन वे हा सु. ४३० किमी. लांबीचा मार्ग १९६५ मध्ये खुला झाला. भारतात शहरांतील वारसाफेरीची प्रथा अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या फेरीमुळे लोकप्रिय झाली. ग्रामीण भागात तिचा प्रसार अद्याप तुरळक आहे.

महाराष्ट्रातील कायदा वाटेकडे शेतकऱ्याच्या गरजेच्या दृष्टीने पाहतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमानुसार शेताकडे जाणारी वाट अडविल्यास तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय होतो. या तरतुदी उपयुक्त असल्या, तरी त्यांचा लाभ वाटेशेजारी शेत असलेल्यास होतो. केवळ चालणाऱ्या यात्रेकरूस, गुराख्यास वा अभ्यासकास तसा स्वतंत्र आधार त्यांत सापडत नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मी. पर्यंत बांधकामास मनाई व त्यापलीकडे २०० मी. पर्यंत नियंत्रण घातले. परिणामी चांगदेव किंवा पाटण येथील मंदिर सुरक्षित राहते. त्याच्याकडे येणारी वाट राहत नाही. हतनूर धरणाचे काम १९८२ मध्ये पूर्ण झाल्यावर जलाशयाचे पाणी तापी–पूर्णा संगमापर्यंत पसरले आणि काठाने जाणारे जुने मार्ग बुडाले. आज हिवाळ्यात तेथे पाणपक्षी उतरतात व होडीतून फिरणारे प्रवासी येतात. गिरणेच्या पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाने कोरड्या पात्रातील वाटा खड्ड्यांनी भरल्या आहेत. केळी व कापूस यांच्या बागायती शेतांत पाणंद नांगरून बांध पुढे सरकविण्याचे प्रकार गावोगाव तंट्यांचे मूळ ठरतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली. तिच्यामुळे काही पाणंद खुल्या झाल्या. परंतु खडी व मुरूम टाकून रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेची बाभूळ, निंब व चिंच टिकविण्याकडे सर्वत्र सारखे लक्ष दिले जातेच असे नाही.

या प्रदेशातील काही स्थळे पायी चालणाऱ्यास विशेष सोयीची आहेत. एरंडोलपासून सु. १० किमी.वर वनराईतील तळ्याकाठी असलेले पद्मालय हे गणेशस्थान, जेथे एकाच गाभाऱ्यात डाव्या व उजव्या सोंडेच्या दोन मूर्ती आहेत. चोपडा तालुक्यातील अडावदजवळचा उनपदेवचा उष्ण झरा. यावल तालुक्यात सातपुड्याच्या घळीत धबधब्याशेजारी वसलेली मनुदेवी. रावेर तालुक्यातील पाल. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरसमूह ही त्यांतील प्रमुख होत. उतावळी नदीकाठच्या फरकांडे येथील झुलते मनोरे एका काळी फार प्रसिद्ध होते. एक हलविला असता दुसराही हले. त्या जोडीतील एक मनोरा कोसळला असून उरलेला एकटा उभा आहे. पाचोरा–जामनेर ही सु. ५६ किमी. लांबीची अरुंदमापी आगगाडी शंभर वर्षे शेतांमधून माणसाच्या धावेहून फारशा अधिक नसलेल्या वेगाने जात असे. ती २०२० मध्ये थांबली. खानदेशात उन्हाळ्याचे तापमान ४५° से. पर्यंत चढत असल्याने चालण्यास कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. त्या दिवसांत ज्वारीचा हुरडा तयार असतो, शेताशेतांतून काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरताच्या पंगती बसतात आणि वाटसरूस हाक मारून बोलावून घेण्याची रीत अजून मोडलेली नाही.